सात दहा, उभे आहेत

"बाबा, जरा उभे राहा बघू," वैदेही फोनच्या पडद्यातून म्हणाली.

"उभाच आहे," मी म्हणालो.

पलीकडे पुण्यात ती पडद्याच्या आणखी जवळ आली. फोन मी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि खरोखरच उभा होतो. दोन्ही पाय जमिनीवर होते, खाली खुर्ची नव्हती, म्हणजे कोणत्याही नियमानुसार ती अवस्था उभे राहण्यातच मोडली असती. पण मुलीचा चेहरा बघून मला कळलं की पडद्यावर दिसणारा गृहस्थ काही वेगळंच करत असावा. बहुतेक जमिनीवर पडलेलं टाचण शोधत असावा.

"कधीपासून असे वाकलात?"

आता याची तारीख कशी सांगणार? एकतीस वर्षं मी जिल्ह्याच्या एका कचेरीत बारनिशीला काढली. आलेलं पत्र आवकेत, गेलेलं पत्र जावकेत. माझ्या टेबलावरून तारखेशिवाय कागद हलला नाही. पण पाठ वाकली ती कुठल्याही नोंदीशिवाय. एवढं मात्र सांगता येईल की बायको, हेमा, होती तोवर ते शक्य नव्हतं. मी जरा पोक काढून बसलो की मागून येऊन दोन खांद्यांच्या मधोमध बोट टोचायची आणि म्हणायची, "सरळ!" हातात उलथनं असलं तर उलथनं. हेमाला जाऊन त्या जानेवारीत पावणेदोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात माझ्या पाठीला कोणी काही म्हणालं नव्हतं.

"तुम्ही पुण्याला या आता," वैदेही म्हणाली. "घर बंद करू."

"मला इथे काय कमी आहे?"

"रोज सकाळी तुम्ही उठलात की नाही, हे कळणारं एक तरी माणूस आहे का तिथे?"

"यमुनाबाई येते की झाडायला."

"मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे तुम्ही शनिवारी पडलात तर आम्हाला मंगळवारी कळणार."

मुलगी हिशेबाला माझ्यावर गेली आहे. शेवटी तह झाला. मे महिन्यात ती येणार. तोवर मी सरळ उभा राहून दाखवायचं आणि रोज माझ्याकडे बघणारं एक माणूस दाखवायचं. दोन्ही जमलं तर मी रत्नागिरीत राहायचं. नाही जमलं तर तिच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथून खाली बघितलं की माणसांचे फक्त टाळू दिसतात.

पहिलं काम सोपं वाटलं. दुसऱ्याचा विचार मी पुढे ढकलला. कचेरीत अवघड कागद तळाला घालायची सवय अंगात असतेच.

देवळाच्या सभागृहात शमिका नावाची एक मुलगी पहाटे योगाचे वर्ग घेते. तिथे बावीस बायका आणि मी. शमिकाने माझ्याभोवती एक चक्कर मारली, जुनं कपाट विकत घेताना मारतात तशी, आणि म्हणाली, "काका, तुम्हाला एकच आसन. ताडासन."

"म्हणजे काय करायचं?"

"सरळ उभं राहायचं."

मला ते थोडं लागलं. अडुसष्टाव्या वर्षी माणूस काही नवीन शिकायला जातो आणि त्याला सांगतात, उभं राहा. शाळेत ही शिक्षा होती. पण ती पुढे सांगत गेली तसा माझा ताठा उतरला. पावलं जुळवायची. वजन दोन्ही पायांवर सारखं. गुडघे ताठ, पोट आत, खांदे मागे आणि खाली, हनुवटी जमिनीला समांतर. नजर समोर एका न हलणाऱ्या वस्तूवर. मग श्वास घेत हात वर आणि टाचा उचलायच्या. माझ्या हाताखाली एके काळी चार शिपाई होते. ते चौघे एका वेळी जागेवर आहेत असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. इथे तर सात अवयव.

तिसऱ्या दिवशी टाचा उचलल्या तेव्हा माझं वजन दोन्ही पायांवर सारखं राहिलं नाही. ते भजनी मंडळाच्या माइकवर गेलं. माइक स्टँडसकट आडवा झाला, कर्णा असा किंचाळला की बाहेरची कुत्री देवळात आली आणि आतल्या बायका बाहेर गेल्या. शमिका फार चांगली मुलगी. तिने मला उठवलं, धोतराची धूळ झटकली आणि सगळी कृती एका कागदावर लिहून दिली. "काका, तुम्ही घरीच करा. सपाट जागा बघा फक्त."

आता रत्नागिरीत सपाट जागा शोधणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आमचं घर उतारावर आहे, अंगण उतारावर आहे, तुळशीवृंदावनसुद्धा जरा समुद्राकडे झुकलेलं आहे. अंगणात मी उभा राहिलो की डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. घरात करावं तर चारी भिंतींना कपाटं, तोल जायलासुद्धा जागा नाही. शोधता शोधता आवाराच्या पार कडेला, दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी, कातळाचा एक तुकडा सापडला. ताटासारखा सपाट. मी त्यावर उभा राहिलो, आणि समोर, गडग्यापलीकडच्या फणसाच्या बुंध्याला, बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत, मुठीएवढी एक कुयरी, कोवळा फणस, लागलेली दिसली. न हलणारी वस्तू. शमिकाने मागितलं होतं ते सगळं देवाने एका जागी ठेवलं होतं.

फक्त तो फणस महिपत शितपचा होता.

महिपत मुंबईत एका कंपनीच्या गेटवर तीस वर्षं वॉचमन होता. निवृत्त होऊन तीन वर्षांपूर्वी बायकोला, गोदाला, घेऊन गावी परतला. आल्या आल्या त्याने आमच्या दोघांमधला गडगा सरळ केला, आणि मी त्याला म्हणालो की सरळ करताना तो माझ्याकडे वीतभर सरकला आहे. तो म्हणाला, सरकला नाही. एवढंच झालं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. आमच्याकडे माणसं भावाचा खून विसरतील, पण गडगा वीतभर सरकला तर ते नातवाला सांगून जातात.

तर चौदा जानेवारीला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी कातळावर उभा राहिलो.

दहा मिनिटं उभं राहणं किती लांब असतं ते मी तुम्हाला सांगतो. पहिल्या मिनिटात पोट आत जातं. दुसऱ्यात ते बाहेर येतं. तिसऱ्यात आठवतं की दूध तापत ठेवलंय. चौथ्यात आठवतं की नाही ठेवलेलं, कारण दूध आता अर्धाच लिटर येतं आणि ते चहा झाल्यावर तापवतो. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत माणूस एकटा असतो. तसा घरातही मी एकटाच, पण तिथे पंखा असतो, बातम्या असतात, एका भांड्याला दुसरं लागून आवाज होतो. कातळावर माझ्यात आणि माझ्यात कोणीच नव्हतं. खांद्यांच्या मधोमध ती जागा, जिथे बोट टोचायचं, तेवढी मात्र जागी असायची.

आठवडाभरात आळीला बातमी लागली. आगाश्यांचा आप्पा रोज सकाळी गडग्यापाशी हात वर करून उभा असतो.

पहिला आला सखाराम, दुकानवाला. तो कवाडीतून आत येऊन पाच मिनिटं माझ्या हातांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "किती फुटांवर लागतंय?"

"काय?"

"पाणी ओ. बोरिंगची जागा बघताय ना? हातावर नारळ ठेवून बघा, आपोआप उभा राहतो. नुसत्या हाताला काय कळणार?" दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा नारळ घेऊन आला. नारळ माझ्या तळव्यावरून घरंगळला आणि माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर उभा राहिला. सखारामने तिथे खडूने फुली मारली.

यमुनाबाईचं मत वेगळं होतं. ती झाडू टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आप्पानू, तुमी उभे ऱ्हात नाय. तुमाला उभं करतंय."

"कोण?"

"त्या कातळावर जागेचा राखणदार हाय. दोन वर्सं घरात दिवा लागला की लगेच इजतोय. त्याला वाटलं घर ओसाड पडलं. म्हणून बलावून बगतोय, माणूस हाय की नाय."

मी तिला म्हणालो, खुळ्यासारखं बोलू नको. पण ती गेल्यावर मला राखणदाराबद्दल जरा बरंच वाटलं. निदान कोणाला तरी प्रश्न पडला होता.

देवदत्त गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले की पाठीचा कणा हा चारित्र्याचा विषय आहे आणि हल्लीच्या पिढीत तो नाही. हल्लीची पिढी म्हणजे मी. ते माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. बोलताना स्वतः काठीवर इतके ओणवले होते की हे वाक्य ते माझ्या गुडघ्यांना उद्देशून बोलले.

या काळातली आवक मी मनात नोंदवून ठेवली आहे. तीन आठवड्यांत कवाडीतून नऊ माणसं आत आली. त्याआधीच्या पावणेदोन वर्षांत, यमुनाबाई, बाराव्या-तेराव्याची माणसं आणि मीटरवाला सोडले, तर कोणी नाही. मी चहा करत होतो. कपबश्या कमी पडल्या तेव्हा हेमाचा पाहुण्यांचा संच माळ्यावरून काढला. त्यातल्या एका कपात कोळ्याने घर केलं होतं, आणि मला त्याचा थोडा राग आला, थोडी शरमही वाटली.

पण हळूहळू सगळ्यांची उत्सुकता संपली. पाणी लागलं नाही, राखणदार बोलला नाही. मी उभा राहतो यात बघण्यासारखं काही उरलं नाही. फक्त एक माणूस बघत राहिला. महिपत. तो रोज त्याच्या पडवीत खुर्ची टाकून, डोक्यावर कंपनीची जुनी टोपी घालून बसायचा. एका हातात चहा, मांडीवर लांबुळकी वही. मी उभा राहिलो की तो लिहायचा. मी टाचा उचलल्या की मान उचलून बघायचा आणि पुन्हा लिहायचा.

मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी फणसाकडे बघत होतो. हे मी स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

फेब्रुवारीच्या शेवटी नोटीस आली. महिपतने मोजणीसाठी अर्ज केला होता. लगतचे खातेदार म्हणून मला कळवण्यात येत होतं की मौजे अमुक येथील जमिनीची हद्दमोजणी करण्यात येणार असून मी जातीने हजर राहावं. अर्जाची प्रत मागवून बघितली. कारण लिहिलं होतं: "लगतधारक हे दररोज सकाळी ठराविक वेळी हद्दीच्या दगडाप्रमाणे उभे राहून, हात वर करून माप घेतात व माझ्या फणसावर नजर ठेवतात. तरी हद्द कायम करून मिळावी."

वाचून माझ्या मनात दोन भावना आल्या. पहिली, संताप. दुसरी, की मसुदा चांगला आहे. "हद्दीच्या दगडाप्रमाणे" हे मलाही सुचलं नसतं. आणि एक गोष्ट कबूल करायला हवी: वैदेहीने, शमिकाने, सखारामने कोणीच जे म्हटलं नव्हतं, ते या माणसाने सरकारी कागदावर लिहून दिलं होतं. दगडाप्रमाणे. म्हणजे मी सरळ दिसत होतो.

मी खुलासा लिहिला. पावणेचार पानं. तो द्यायला मोजणीच्या कचेरीत गेलो. टेबलावर एक तरुण मुलगी होती.

"विषय काय लिहू?"

"उभे राहणेबाबत."

तिने मान वर केली. "अतिक्रमण करून?"

"नाही. स्वतःच्या जागेत."

"मग कशासाठी उभे राहता?"

"पाठीसाठी."

"आणि फणसावर नजर?"

"ती आसनातच आहे. हवा तर शमिकाचा कागद जोडतो."

तिने शमिकाचा कागद वाचला, स्वतःच्या नकळत खुर्चीत जरा ताठ बसली, आणि माझ्या खुलाशावर आवकेचा शिक्का मारला. उलटा. एकतीस वर्षं बारनिशीत काढलेल्या माणसासमोर उलटा शिक्का मारणं म्हणजे काय, ते तिला कळलं नाही. घरी येईपर्यंत पाठ पुन्हा पहिल्यासारखी झाली होती.

मार्चच्या सुरुवातीला मला ताप आला. तीन दिवस मी कातळावर गेलो नाही. शुक्रवारपर्यंत कोणाला कळायचं कारण नव्हतं, त्याआधी यमुनाबाई येणार नव्हती. पण पहिल्याच सकाळी दाराशी भांड्याचा आवाज झाला. उठून बघतो तर उंबऱ्यावर झाकलेला टोप. आत गरम पेज आणि वर मेतकूट. अंगणातून गोदावहिनींची पाठ जाताना दिसली. मी हाक मारली, त्या थांबल्या नाहीत. मनात म्हटलं, नवऱ्याने कितीही अर्ज केले तरी बाई चांगली. टोप रिकामा परत देऊ नये, हे हेमाने मला शिकवलं होतं, पण घरात द्यायला काय असणार? शेवटी त्यात वाटीभर साखर घातली आणि गडग्यावर ठेवून आलो. तो तासाभरात आत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज आली.

मोजणीची पहिली तारीख वाया गेली. मोजणीदार नितेश आला, त्याने तिपाईवर यंत्र लावलं, पण फणसाच्या गर्द सावलीत त्या यंत्राला उपग्रह सापडेनात. तासभर यंत्र आकाशाकडे बघत राहिलं. मला त्याच्याबद्दल मनापासून सहानुभूती वाटली. पुढची तारीख मेमधली मिळाली.

वैदेही त्याच्या आदल्या दिवशी आली. कवाडीपाशी रिक्षातून उतरली आणि सामान घ्यायच्या आधी मला म्हणाली, "उभे राहा."

मी उभा राहिलो. पावलं, गुडघे, पोट, खांदे, हनुवटी. तिने बाजूने बघितलं, मागून बघितलं.

"सुधारलात," ती म्हणाली. "पण अजून वाकलेलेच आहात." आणि मग, "दुसरी गोष्ट?"

तळाला घातलेला कागद वर आला होता. मी म्हणालो, उद्या मोजणी आहे, ती होऊ दे. त्या रात्री ती फोनवर जावयाला सांगत होती, "बॅगा दोनच करते, बाकी नंतर बघू." मी आतल्या खोलीत ऐकत पडलो होतो.

सकाळी नितेश आला. महिपत टोपी घालून हजर, गोदावहिनी मागे. यंत्र या वेळी दूर उघड्यावर लावलं, आणि रेषा धरायला मधे खूण हवी होती. नितेशने इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाला, "काका, तुम्ही त्या कातळावर उभे राहा. हलू नका हां."

हलू नका! मी उभा राहिलो. वीस मिनिटं. यंत्राचा डोळा माझ्यावर, वैदेहीची नजर माझ्यावर, महिपतची माझ्यावर. आयुष्यात एवढं सरळ मी कधी उभा राहिलो नसेन. शेवटी नितेश कागद बघून म्हणाला, "गडगा बरोबर आहे. कातळ काकांचा, फणस यांचा. कोणीच कुठे सरकलेलं नाही. भांडण कशाचं होतं?"

"पुरावा हाय माझ्याकडं," महिपत चिडून म्हणाला. चार महिने जपलेला पुरावा न दाखवता जागा सोडेल तो वॉचमन कसला? त्याने ती लांबुळकी वही पुढे केली. गेटवर असते तशी, रकाने आखलेली. नितेश यंत्र आवरत होता, म्हणून ती वैदेहीने घेतली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"चौदा जानेवारी. सात दहा. आप्पा कातळावर उभे. नजर फणसावर. सात वीस, आत गेले. पंधरा जानेवारी. सात अकरा. एक मिनिट उशीर. हात वर. माप घेतात." ती हसली. "दोन फेब्रुवारी. सात दहा. उभे आहेत. डावीकडं कलतात. पडतील. सात तेरा. पडले नाहीत."

"बघा," महिपत म्हणाला, "रोजचं हाय."

"तीन मार्च. सात दहा. आले नाहीत. सात तीस. नाहीत. आठ. दार बंद." वैदेहीचा आवाज हळू झाला. "आठ पंधरा. गडग्यावरून कान दिला. खोकल्याचा आवाज. आहेत. आठ चाळीस. गोदाला पेज घेऊन पाठवली. कोणी पाठवली ते सांगू नको म्हटलं."

गोदावहिनी पदराने तोंड पुसायला लागल्या. महिपत यंत्राच्या तिपाईकडे असा बघत होता जसं काही तो तिपाया विकत घ्यायलाच आला होता.

"सहा मार्च. सात दहा. आले. उभे आहेत. बारीक झाले." तिने पान उलटलं. "बारा एप्रिल. सात दहा. उभे आहेत. डोळे पुसतात. धूळ पण असेल."

बारा एप्रिल, हेमा गेली ती तारीख. वैदेही पुढे वाचू शकली नाही. मला वाटलं होतं त्या दिवशी मला कोणी बघितलं नाही.

महिपतने वही तिच्या हातातून काढून घेतली आणि काखेत मारली. "केस मिटली आता. झालं," म्हणाला आणि घरात निघून गेला. दुपारी गडग्यावर पिकलेला अर्धा फणस ठेवलेला होता. माझ्या डोळ्यांच्या रेषेतला तोच. मला ओळखायला वेळ लागला नाही, चार महिने बघत होतो.

निघताना वैदेही म्हणाली, "राहा. पण ती वही चालू असेल तोवरच. बंद झाली की मी येते."

ती गेली. दुसऱ्या दिवशी सात दहाला मी कातळावर उभा राहिलो. समोर फणसाच्या बुंध्यावर नुसता देठ होता, चीक वाळलेला. पडवीत खुर्ची भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली. केस मिटली होती, मग वॉचमन कशाला बसेल? तिसऱ्या दिवशीही खुर्ची उलटीच. संध्याकाळी वैदेहीचा फोन आला.

"लिहितायत ना?"

"लिहितायत," मी म्हणालो. एकतीस वर्षांत मी खोटी नोंद केली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन सांगायचं महिपतला. काय सांगायचं? की बाबा रे, रोज सकाळी माझ्याकडे एकदा बघत जा? माणूस गडग्यापलीकडे अर्धी पायली तांदूळ मागतो, शिडी मागतो, वेळेला औषध मागतो. हे मागता येत नाही. निदान मला आलं नाही.

चौथ्या दिवशी सात दहाला मी कातळावर उभा राहिलो. पावलं जुळवली. खांदे मागे आणि खाली. हनुवटी समांतर. खांद्यांच्या मधली ती जागा जागी झाली. मग मी पावलं सोडवली, गडग्याच्या ढासळलेल्या भागावरून डावा पाय उचलला आणि महिपतच्या आवारात ठेवला. पुरा. टाचेसकट.

मिनिटभर काहीच झालं नाही. मग आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ओ आप्पा! पाय हद्दीत आला हां!"

मी हनुवटी समांतर ठेवली. आसनात बोलत नाहीत.

"सरकारी मोजणी झालीय! तरी पण? गोदा, माझी वही कुठाय? पेन बग आधी!" तो टोपी उलटी घालून पडवीत आला, खुर्चीत बसला, पान उलटलं. "किती वाजले?"

"सात बारा," मी म्हणालो.

"उद्या पण ठेवणार काय पाय?"

"बघू."

"मी पण बगतो," महिपत म्हणाला आणि लिहायला लागला.

मी हात वर केले, टाचा उचलल्या, एकच पाय माझ्या हद्दीत ठेवून. फणस आता नव्हता, म्हणून समोर जे न हलणारं होतं त्यावर नजर ठेवली. ते टोपी घालून बसलं होतं.